मोराचा फोटो आणि संशयी कोल्हा

एका जंगलात एक कोल्हा फोटो काढायचा धंदा करायचा. कामात पटाईत, पण स्वभावानं भारी संशयी. कुणी ‘नमस्कार’ म्हटलं, की हा आधी मागे वळून बघणार. आपल्याला म्हणाला, की आपल्यामागं कुणाला खूण केली?

एकदा माकडाच्या बारशात त्याचा कॅमेरा झाडावरून पडला, तो थेट गव्याच्या पायाखाली. चुरा झाला.

त्याच आठवड्यात लांडोर दारात आली. “कोल्होबा, माझ्या पोराला, मोराला, नदीपलीकडचं स्थळ आलंय. पिसारा फुललेला फोटो मागितलाय. मुलीला आवडला तरच पुढची बोलणी. लवकर काढा हो, श्रावण सरला की पिसं गळायला लागतात.”

“मावशी, निर्धास्त राहा. दुसऱ्या कुणाला सांगू नका म्हणजे झालं.”

कोल्हा साळिंदराच्या दुकानात गेला. साळिंदरानं एक कॅमेरा पुढं केला. “साधा आहे, पण फोटो स्वच्छ येतो.”

कोल्ह्यानं तो उलटा करून पाहिला, हुंगला, कानाला लावला. “याच्याहून चांगला येणार असेल ना?”

“येणारच की. पुढच्या महिन्यात येईल. त्यानंतर त्याच्याहूनही चांगला.”

“सापडलात! म्हणजे जुना माल माझ्या गळ्यात मारताय!”

“अहो, मीच सांगतोय ना तुम्हाला?”

“तेच तर! दुकानदार आपणहून खरं सांगतो, म्हणजे आत काहीतरी मोठं दडवलेलं असणार.”

साळिंदरानं डोकं खाजवलं. “बरं, फोटो कशाचा काढायचाय?”

“ते कशाला हवंय तुम्हाला?” म्हणत कोल्हा तरातरा निघून गेला.

महिन्यानं खरंच नवा कॅमेरा आला आणि जुना स्वस्त झाला. कोल्ह्याची तर झोपच उडाली. नवा इतक्या लवकर कसा आला? घाईत बनवलेला असणार. जुना स्वस्त का झाला? त्यात खोट असणार. तो दुकानासमोरच्या झुडपात लपून पाळत ठेवू लागला. त्याच्या डोळ्यांदेखत खार आली, जुना कॅमेरा घेऊन उड्या मारत गेली.

“फसली बिचारी!” कोल्हा पुटपुटला.

इकडे लांडोर कासावीस. “कोल्होबा, दोन पिसं गळली हो! खारीकडं जाऊ का? तिनं कॅमेरा घेतलाय म्हणे.”

“खारीकडं? तिचं मॉडेल जुनं आहे, मावशी. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

लांडोर तशीच घरी परतली. मोर तर बिचारा नाचायचाच थांबला. पिसारा वाळल्या पानांच्या गादीवर ठेवून दिवसभर एका जागी बसायचा. शिंक आली तरी दाबायचा.

कोल्हा रोज दुकानात जायचा, तेच प्रश्न विचारायचा, रिकाम्या हातानं परत यायचा. शेवटी साळिंदर वैतागला. “नका घेऊ! माझ्याकडं तुमच्यासाठी काहीच नाही.”

कोल्ह्याचे कान ताठ झाले. “नका घेऊ? अच्छा! म्हणजे आता आलाय तोच सगळ्यांत भारी, आणि तो तुम्हाला स्वतःलाच ठेवायचाय!” त्यानं दुकानातला सर्वांत नवा कॅमेरा उचलला, पैसे टाकले आणि मोराकडं धूम ठोकली.

“हं, फुलव पिसारा!”

मोरानं मान खाली घातली. मग, एवढ्या लांबून आलेत म्हणून, फुलवला. चार-सहा पिसं, बाकी नुसतं आभाळ. कोल्ह्यानं फोटो काढला. कॅमेरा खरंच अफाट होता. पिसं गळून उघडी पडलेली जागान् जागा त्यात लख्ख दिसत होती.

लांडोरीनं फोटो पाहिला आणि पंखाखाली झाकला.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडून निरोप आला. मुलीचं ठरलं होतं. खारीनं दुसऱ्याच एका मोराचा फोटो काढून पाठवला होता. जरा धूसर होता म्हणे, पण पिसारा पूर्ण होता.

“मावशी, साळिंदरानं फसवलं मला!” कोल्हा म्हणाला. “आधीच हा कॅमेरा दिला असता तर...”

“आधी तो नव्हताच, कोल्होबा,” लांडोर म्हणाली. “आणि पिसं पुढच्या वर्षी पुन्हा येतील. ती मुलगी येणार नाही.”

तात्पर्य: याहून चांगला कॅमेरा कधी येईल, हे दुकानदाराला विचारत बसू नये, तो कायम येतच असतो. ज्याचा फोटो काढायचा आहे ते किती दिवस थांबणार आहे, तेवढं बघावं आणि त्याच्या आत घेऊन टाकावा.