फुंकर मागणारी परी

आमच्या रानातल्या यच्चयावत पऱ्या मला नावानिशी ओळखतात. बरं, यच्चयावत नाही, एकच. आणि तिलाही मी बघितलेलं नाही, ठकूने सांगितलं तेवढंच. पण ऐकून माझं बोळकं उघडं राहिलं, आता तुमची पाळी.

ठकू एवढीशी पोर. आई तापाने अंथरुणाला खिळलेली, पोटात दुधाखेरीज काही ठरेना. दूध द्यायला घरात एकुलती एक शेळी, आणि तिचं कापसासारखं पिल्लू, मोगी. पिल्लू जवळ नसलं की शेळी पान्हा चोरते. आणि नेमकी एका भिजक्या सांजेला मोगीच दिसेना!

ठकू रानात शिरली. हाका मारून घसा बसला, अंधार दाटत आला. तेवढ्यात कुजक्या ओंडक्यावर हिरवं हिरवं काही लुकलुकलं. नखाएवढी परी! दवाचे पंख, शेवाळाचा झगा, आणि इवल्याशा पोटातून झिरपणारा उजेड. ठकूने भीत भीत बोट लावलं, तर गारेगार. तेल नाही, वात नाही, चटका नाही. ठकू डोळे फाडून बघतच राहिली.

“एकच इच्छा माग,” परी पुटपुटली, “पण लवकर. हा उजेड विझला की मी संपले.”

मोगीचं नाव ठकूच्या अगदी ओठांवर होतं. पण समोर ती चिमुकली मंद मंद होत चाललेली.

“मग तू जग,” ठकू म्हणाली.

आता थक्क व्हायची पाळी परीची. “मग फुंकर घाल,” ती म्हणाली.

ठकूने दोन्ही हातांनी तोंडच दाबलं. आमच्याकडे दिव्यावर फुंकर मारत नाहीत. पदराने वारा घालून त्याला शांत करतात. फुंकलं तर थोबाडीत बसते, मला विचारा.

“मी दिवा नाही गं,” परी हसली. “जीव आहे. माझा उजेड माझ्याच अंगात तयार होतो. त्याला थोडी ओल लागते नि थोडी हवा.”

ठकूने डोळे मिटून हळूच फुंकर घातली. आणि काय सांगू, रान पेटलं! आग नव्हे हो. ओंडके, फांद्या, सडकी पानं, पायाखालची मुळं, सगळी हिरव्या चांदण्यात न्हाली. घळीच्या काठावर, करवंदीच्या जाळीत अडकलेली मोगी लख्ख दिसली. ठकूने तिला सोडवून उराशी धरलं, वळून बघते तर परी उजेडात उजेड होऊन गेलेली.

शेळीने पान्हा सोडला, आई दूध प्यायली, आठवड्याभरात उठून बसली. मी मात्र ठकूला गाठून दटावलं, दिवा फुंकलास, आता घरात लक्ष्मी यायची नाही बघ.

मोगीचे कान कुरवाळत ती म्हणाली, “तुम्ही त्या थोबाडीनंतर कधी फुंकला नाहीत ना, आजोबा? मग लक्ष्मी तुमच्याकडे का नाही आली?”