आंबेखोरीची शाळा आणि रिकामी बाके

केरबा नलावडे गुरुजी निवृत्तीनंतर आमदार झाले. आंबेखोरीची शाळा बंद करून मुलांना ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत धाडण्याचे ठरले, तेव्हा ते विधानसभेत उभे राहिले.

"पावसाळ्यात ओढा फुगतो. आईबाप मुलींना घरीच बसवतील."

शिक्षणमंत्री हसले. "गुरुजी, तिथे मुले बोटांवर मोजण्याइतकी! ती शाळा मोठ्या शाळेत विलीन केलेलीच बरी."

गुरुजींनी सभागृहावर नजर फिरवली. दुपारच्या जेवणानंतर बहुतेक बाके रिकामीच होती.

"अध्यक्ष महोदय, माझी मुले थोडी असली तरी रोज हजर असतात. संख्येवरच ठरवायचे, तर हे सभागृह आजच शेजारच्या राज्याच्या विधानसभेत विलीन करावे लागेल."

मंत्र्यांनी मागे वळून पाहिले. दुजोरा द्यायलाही कोणी नव्हते.

शाळा आंबेखोरीतच राहिली.