धोंडूच्या डोळ्यातलं बंद दार

डोंगराच्या पायथ्याशी मिरच्यांचं एक गाव होतं. अंगणं लाल, ओटे लाल, वाटासुद्धा लालचुटूक! तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी यायचं, म्हणून कुणी कुणाच्या डोळ्यांकडे बघतच नसे. त्या गावात आठ वर्षांची सोनकी राहायची. बाप नव्हता. आई दिवसभर लोकांच्या मिरच्या कांडायची आणि सोनकी सहा महिन्यांच्या भावाला, धोंडूला, सांभाळायची. आईचे हात इतके झोंबत की बाळाच्या तोंडाला लावायची तिची हिंमतच होत नसे.

एकदा जत्रेसाठी आठ दिवस कांडप बंद राहिलं. साऱ्या गावाचे डोळे कोरडे झाले. धोंडूचा डावा डोळा मात्र टपटप वाहतच राहिला. सोनकीने त्याला शेजारी नेऊन दाखवलं.

"दिष्ट लागली गं पोरी," शेजारची बायजाआत्या म्हणाली. "काजळ घाल, चांगलं दाट."

सोनकीने रोज बोट भरून काजळ घातलं. चौथ्या दिवशी डोळा चिपडांनी पार चिकटून गेला! आत्याने कपाळावर हात मारला. "आता हा डोळा काही ऱ्हात नाही बघ!"

बास! सोनकीने बाळाला कडेवर घेतलं आणि रानाची वाट धरली. रानात सोनचाफ्याखाली झुळझुळ झरा होता आणि तिथे परी राहते असं म्हणत. भलतं मागितलं तर ती भलतंच देते, असंही म्हणत. पण सोनकी थांबली असेल तर शपथ!

चाफा थरथरला. इवल्याशा पंखांची, जांभळ्या-सोनेरी झग्याची परी पाण्यावर अलगद उतरली.

"दोन इच्छा तुझ्या, सोनके. पण नियम ऐक. मागशील तेवढंच मिळेल, अगदी नेमकं."

"धोंडूच्या डोळ्यांतलं पाणी बंद होऊ दे!" सोनकी घाईघाईने म्हणाली.

बंद झालं. पार आटलं! धोंडूच्या डोळ्यांवरची चकाकी गेली, पापणी खरखरली आणि तो जोरात किंचाळला. रडत होता, पण अश्रूचा एक थेंब नाही. सोनकी पांढरीफटक पडली.

"नको, नको! पाणी परत येऊ दे!"

पाणी आलं. बाळ हुंदके देत शांत झालं आणि दोन्ही इच्छा संपल्या. सोनकी मटकन खाली बसली. "परीताई, आता याचा डोळा जाणार का गं?"

"घाबरू नकोस, बाळा. मागायच्या आधी नीट बघायचं असतं. चल, आता बघू या." परीने धोंडूला उजेडाकडे धरलं. त्याने तोंड फिरवलं नाही, बुबुळही काळंभोर, स्वच्छ होतं, म्हणजे डोळा शाबूत होता. मग परीने दोन्ही डोळ्यांत एकेक केशरी थेंब सोडला. उजव्या डोळ्यातला हळूहळू दिसेनासा झाला आणि नाकपुडीशी इवलासा केशरी ठिपका उमटला. डाव्यातला तिथेच तरंगत राहिला आणि गालावरून ओघळला.

"बघितलंस? पाणी जास्त नाहीच. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरणारी एक चिमुकली वाट असते. याच्या वाटेचं दार जन्मापासून बंद आहे. मग पाणी जाणार कुठे? साचतं, चिपडं धरतात, आणि वर तू काजळ भरलंस."

"मग उघड ना दार!"

"त्याला माझी छडी कशाला? तुझं बोट पुरे. नखं काप, हात साबणाने धू. उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा पूस. मग इथे, डोळ्याच्या कोपऱ्यात नाकाशेजारी, बोट ठेवून हळूच दाबत खाली आण. दहा वेळा, दिवसातून चारदा. वर्षाचा होईपर्यंत नाहीच उघडलं, तर डोळ्यांचे डॉक्टर बारीक तारेने उघडतात. पण हा कोपरा लाल होऊन सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आईला सगळं सांग."

सोनकीने आईला सगळं सांगितलं आणि सुरुवात केली. रोज सकाळी ती आधी धोंडूच्या डोळ्याचा कोपरा लाल झालाय का ते बघायची. आत्या ओरडायची, "डोळा फोडशील, मेले!" पण चार वेळा म्हणजे चार वेळा. महिना गेला, दोन गेले. डोळा वाहतच होता.

एका सकाळी ती बोट खाली आणत होती, तेवढ्यात आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. धोंडू किंचाळला. सोनकीने हातांनी आपलेच डोळे झाकून घेतले. फोडला की काय मी डोळा! बघायचा धीरच होईना. शेवटी तिने बोटांच्या फटीतून पाहिलं.

डोळा लख्ख चमकत होता आणि गाल कोरडा होता. दार उघडलं होतं!

खिडकीत सोनेरी उजेड झिरमिरला. "बक्षीस माग, सोनके," परी म्हणाली.

"नको गं बाई! आता मी काही म्हणजे काही मागत नाही!"

परी खुदकन हसली आणि झगमगत, लुकलुकत उजेडात विरून गेली. धोंडू दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून तिकडे बघत राहिला. मग ताईकडे वळून बोळकं पसरून हसला. आता भ्यायचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सोनकीला मोठ्याने रडू आलं.