कातळवेढ्याची बिननावाची राणी

विषय : मौजे कातळवेढे येथील पोढी खोदवणारी राणी होती किंवा कसे, याबाबत.

उपरोक्त विषयी गावाचं म्हणणं, होती. जाणकारांचं म्हणणं, असावी. या दोन्हींतलं अंतर गावाने कधीच मान्य केलेलं नाही.

फार मागे, डोंगरातल्या लेण्यांत भिक्षू राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. पाऊस रुसला, ओढा आटला. वरची भिक्षापात्रं आणि खालचे रांजण सारखेच कोरडे पडले. लेण्यांच्या दर्शनाला आलेल्या राणीने ते पाहिलं, अंगावरचे दागिने उतरवले आणि पोढी, म्हणजे कातळातलं पाण्याचं टाकं, खोदायला लावली. असं म्हणतात, की दागिने उतरवताना तिने राजाकडे पाहिलंसुद्धा नाही. राजेलोकांना हे फार लागतं.

गोंदा पाथरवट खोदत गेला. कातळ संपेना, पाणी लागेना. राजाने मात्र टाक्यावर लेख कोरून घेतला : महाराणी अमुक हिचं हे दान. नावापुरती जागा सोडली. नाव मुहूर्तावर कोरायचं होतं.

मुहूर्ताला गोंदा वर आला, तो हातात एकच छिन्नी घेऊन.

"राणीसाहेब, बाकीच्या मोडल्या. लोहार म्हणतो, नव्या छिन्नीला पाणी द्यायलाही पाणी नाही. हिच्यात एक तर तुमचं नाव होईल, नाहीतर हातभर खोली."

"नाव कोर," राजा म्हणाला. "नावाविना दानाचं पुण्य जाणार कुठे?"

"पुण्याला वाट ठाऊक नसेल, तर ते पुण्य कसलं?" राणी म्हणाली. "गोंदा, खाली उतर."

"आणि उद्या लोकांनी विचारलं, हे कोणाचं?" राजा म्हणाला.

"पाणी पिऊन मग विचारतील ना? पुष्कळ झालं."

गोंदाने घाव घातला. असं म्हणतात, की पाणी असं उसळलं, की गोंदा न पोहता काठाला आला आणि छिन्नी वर तरंगली. भिक्षू प्याले, गाव प्यालं, राजाचे हत्तीही प्याले. पाणी बोटभर उतरलं नाही. लोखंड तरंगत नाही, हे गावालाही ठाऊक आहे. पण ते कातळवेढ्यात बोलायचं नाही.

पुराव्याचं म्हणाल, तर पुण्याहून लेख वाचणारे एक विद्वान येऊन गेले. अक्षरं दोनेक हजार वर्षांची. 'महाराणी' स्पष्ट, 'दान' स्पष्ट. मध्ये कातळ सपाट. खोडलेला नाही, झिजलेला नाही. तिथे छिन्नी लागलीच नाही. नावाशिवाय राणी इतिहासात बसवता येत नाही, याचं त्यांनाच जास्त वाईट वाटलं. घागर भरायला आलेल्या तान्हूबाईने त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"गोड आहे का, भाऊ?"

"फार गोड."

"मग तेवढं तरी लिहा की!"

त्यांनी लिहिलं, असं म्हणतात. अहवाल गावात आलेला नाही.

अजूनही दर चैत्रात गाव पोढी उपसून गाळ काढतं. त्या वर्षी लग्न होऊन आलेली सून आधी उतरते, लेखातल्या मोकळ्या जागेवर हळदीचं बोट टेकवते आणि नाव घेते. नवऱ्याचं नाही, स्वतःचं, माहेरचं. ते वर उभ्या सासवांना ऐकू जाईल असं घ्यावं लागतं. दुसरीकडे लग्नात सुनांची नावं खुशाल बदलतात. कातळवेढ्यात ती कोणाची छाती झालेली नाही.

पोढीला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळावा, म्हणून ग्रामपंचायतीने रीतसर अर्ज केला आहे. दान करणाऱ्याचे नाव नमूद नसल्याची त्रुटी कार्यालयाने काढली. जागा मोकळी आहे, समक्ष येऊन पाहावी, पिण्याच्या पाण्याची सोय आहे, असं गावाने उलट कळवलं. सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.