कौलाची रास

डोंगरात उगम पावणाऱ्या एका नदीच्या काठी, फार पूर्वी, सात गावे नांदत होती. सातही गावांनी देवाला स्मरून एक मेळ बांधला होता. सातांचा बाजार एक, माप एक, वाटेवरचा पहारा एक. आणि एका गावचा माल दुसऱ्या गावी नेताना जकात नाही. साऱ्याचा कारभार सात गावांची सभा पाहत असे. ती सभा मधल्या गावी, म्हणजे पेठेत, भरत असे.

नदीच्या उगमाजवळ वसले होते ते वरचे गाव. त्या गावात एक मापारी राहत होता. पेठेच्या बाजारात येणारे धान्य पायलीने मोजून द्यावे, हे त्याच्या घराकडे चार पिढ्यांपासून चालत आलेले काम. सभेची मोहोर उमटवलेली पायली त्याच्या देवघरात, देवाच्या शेजारी ठेवलेली असे.

मोजताना तो पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणत असे, कारण पहिले दान देवाचे. मग दोन, तीन, चार. प्रत्येक पायलीवर सारख्याच उंचीची शीग उभी राही. काठाच्या वर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. मनगट आडवे धरले तर ती चढते, हात सैल सोडला तर उतरते. पाहणाऱ्याला त्यातले काही कळत नाही. मोजणाऱ्याला सारे कळते. या मापाऱ्याच्या हाताविषयी सात गावांत कोणी कधी शंका घेतली नव्हती.

वरच्या गावाची ज्वारी उतारावरची, म्हणून ती लवकर पिके. परंतु सातही गावांची खळी आटोपल्यावाचून बाजार उघडायचा नाही, असा सभेचा नियम होता. खालच्या गावांचे पीक येईपर्यंत वरच्या गावाचे धान्य पेवात पडून राही आणि त्याला कीड लागे. गावाने तीन वर्षे सभेला विनंती केली. तिन्ही वर्षे सभेने उत्तर दिले, "पुढे पाहू."

चौथ्या वर्षी गावाचा पाटील देवीच्या देवळापुढे उभा राहिला. पाटील वयाने तरुण होता, बोलण्याने तिखट होता.

"आपली ज्वारी कधी विकायची हे पेठेने सांगायचं, आणि आपण मान डोलवायची!" तो म्हणाला. "मी म्हणतो, मेळातून बाहेर पडू. आपला बाजार आपल्या देवीच्या पटांगणात, आपल्या सोयीनं."

"आणि त्या बाजारात घ्यायला कोण येणार? डोंगरातली माकडं?" गावचा वाणी बसल्या जागेवरून म्हणाला. लोक हसले. वाण्याचा सारा व्यवहार खालच्या गावांशी होता. "पाटील, वाटेवर पहारा आहे म्हणून तुमच्या गाड्या सुखरूप जातात. जकात नाही म्हणून तुमची ज्वारी विकते. दुष्काळात याच मेळानं आपल्या आज्यांना जगवलं."

"जगवलं, मान्य. त्याची आठवण ठेवीन. पण त्यासाठी नातवांनी किडकी ज्वारी विकायची का, शेटजी?"

आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. विहिरीवर बायका भांडल्या. सख्ख्या भावांनी एकमेकांच्या बैलांना पाणी पाजणे सोडले. बांगड्या भरायला आलेल्या कासारणीला लोक विचारू लागले, "मावशी, तू कुणाकडची?" ती म्हणे, "ज्या हातात बांगडी चढत नाही, त्या हाताच्या विरुद्ध!"

अखेर गावाने कौल घ्यायचे ठरवले. त्या गावची रीत जुनी होती. प्रत्येक उंबऱ्याने ओंजळभर ज्वारी आणून देवीपुढे दोहोंपैकी एका राशीत घालायची. मग दोन्ही राशी एकाच पायलीने, एकाच हाताने मोजायच्या. जी रास जास्त, तो देवीचा कौल. त्यानंतर दोन्ही राशी एकत्र करून सगळ्या गावाने त्याचा प्रसाद घ्यायचा.

मोजणारा हात अर्थातच मापाऱ्याचा.

आदल्या दिवशी वाणी त्याच्या ओसरीवर येऊन बसला.

"मापारीबुवा, गाव बाहेर पडलं तर सभा तुमची पायली काढून घेणार. हे तुम्हांला सांगायला नको."

"ठाऊक आहे."

"म्हणजे तुम्ही आमचेच."

"मी राहण्याच्या बाजूचा आहे. उघड आहे. माझी ओंजळ तुमच्याच राशीत पडेल."

वाण्याने आवाज उतरवला. "ओंजळ एकच असते, बुवा. शीग मात्र दर पायलीला चढवता-उतरवता येते."

मापारी उठला. त्याने देवघराचे दार ओढून घेतले. वाणी समजला व निघून गेला.

मापाऱ्याची बायको हे आतून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, पायली गेली तर आपण खायचं काय? आपल्याला ना शेत, ना दुकान."

"ते मला माहीत नाही."

"शेटजी वाईट सांगत नव्हते. गावाचं भलं राहण्यातच आहे, असं तुम्हीच आठ दिवस म्हणताय."

"म्हणतो आहे. उद्याही म्हणेन."

"मग?"

मापारी देवघरात गेला. तो पायली पुसू लागला. गाव चुकीच्या वाटेने निघाले आहे, असे त्याला मनापासून वाटत होते. ती चूक थांबवणे त्याच्या मनगटात होते. हेच त्याला जड जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे गाव देवळापुढे जमले. बाहेर पडण्याची रास उजवीकडे, राहण्याची डावीकडे. एकेक घर येऊन ओंजळ ओतून गेले. मापाऱ्याने सर्वांसमक्ष आपली ओंजळ डावीकडे घातली, हात धुतले आणि पायली उचलली.

तोच गर्दीतून एक गाडीवान ओरडला, "थांबा! हा तर राहणारांपैकी. आपल्या हातानं आपलंच माप मोजणार काय? दुसरा माणूस बघा!"

"बरोबर! दुसरा बघा!" उजवीकडचे लोक उठले.

मापाऱ्याचा चेहरा उतरला. चार पिढ्यांत असे कोणी म्हणाले नव्हते. त्याने पायली खाली ठेवली. तेव्हा पाटील पुढे आला. बाहेर पडण्यासाठी ज्याने रान उठवले होते, तोच तो.

"खाली बसा," पाटील आपल्या माणसांना म्हणाला. "आपण बाहेर पडतोय ते आपल्या गावावर भरवसा आहे म्हणून. या हातावर भरवसा नसेल तर कशाच्या जोरावर बाहेर पडायचं? मोजा, मापारीबुवा. तुमच्या हातून मी हरलो तर हरलो."

मापाऱ्याने देवीला हात जोडले व पायली उचलली.

त्याने उजवी रास आधी घेतली. "लाभ," तो म्हणाला, आणि पहिली पायली रिती केली. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठवी पायली भरली, तिच्यावर शीग चढली आणि रास संपली. खाली मूठभरही दाणे उरले नाहीत.

मग डावी रास. "लाभ." दोन. तीन. पाचव्या पायलीला मापाऱ्याने राशीकडे पाहिले. ज्या डोळ्यांनी जन्मभर राशी पाहिल्या, त्यांना मोजण्याची गरज नव्हती. आठ पायल्या भरतील, पण आठवीला शीग लागणार नाही. उरलेल्या पायल्यांत मनगट थोडे सैल सोडले, शीग बोटभर उतरवली, तर लागेल; वर दोन मुठी उरतीलही. आपले काम राहील. पायली देवघरात राहील. आणि गाव मेळात राहील, जे गावाच्या हिताचे आहे.

समोर बसलेल्या वाण्याने नजर वळवली. वर देवी होती, ती पाहत होती.

"सहा," मापारी म्हणाला. मनगट जसे होते तसेच राहिले. "सात."

आठवी पायली काठापर्यंत भरली. शीग लागली नाही.

मापाऱ्याने ती पायली तशीच सर्वांपुढे ठेवली आणि म्हणाला, "उजवी रास आठ पायल्या पुऱ्या. डावी रास आठाला शीगभर उणी. कौल बाहेर पडण्याचा आहे."

एकच गलका उठला. डावीकडचे लोक धावून आले. "शीगभर फरकावर गाव तोडायचं? पाटलाची माणसं नांगर धरणारी, त्यांचे पंजे मोठे! ओंजळीच मोठ्या पडल्या त्यांच्या!"

त्यावर कासारीण उभी राहिली. "अरे, वीस वर्षं या गावातला एकेक हात दाबून बांगड्या भरतेय मी. पुरुषांचं तुम्ही बघा. पण बायकांत सगळ्यांत रुंद हात शेटाणीबाईंचा, आणि ती ओंजळ डावीकडे पडली. काही बोलू का अजून?"

रागातसुद्धा लोकांना हसू आवरेना. वाणी मात्र हसला नाही. तो मापाऱ्याला म्हणाला, "पुन्हा मोजा."

"पुन्हा मोजतो, शेटजी. दहा वेळा सांगा, दहा वेळा मोजतो. हात हाच राहील."

वाणी पुढे येऊन त्या आठव्या पायलीवर वाकला. मग म्हणाला, "नको." आणि त्याने स्वतःच्या हातांनी दोन्ही राशी एकत्र केल्या.

गाव मेळातून बाहेर पडले.

मापारी पायली परत करण्यासाठी पेठेत गेला. सभेचा प्रमुख वृद्ध व जाणता गृहस्थ होता. तो म्हणाला, "तुम्ही बाहेर पडण्याच्या विरुद्ध होता, हे आम्ही ऐकलं आहे. पेठेत घर देतो. पायली तुमच्याकडेच ठेवा. गावाच्या चुकीची शिक्षा तुम्ही का भोगायची?"

"कौलाच्या आधी मी तुमच्या मताचा होतो, महाराज," मापारी म्हणाला. "आजही आहे. पण गाव माझं आहे. ते चुकलं असेल, तर त्या चुकीत माझा वाटा आहे. तो टाकून इथे कसा राहू?"

त्याने पायलीला नमस्कार केला, ती सभेपुढे ठेवली आणि डोंगराची वाट धरली.

पुढचे वर्ष सोपे गेले नाही. आपल्या पटांगणात गावाने आपला बाजार वेळेवर उघडला. ज्वारीला कीड लागली नाही, पण गिऱ्हाईक थोडे आले. वाटेवरचा पहारा उठला, म्हणून पाटील आणि त्याची माणसे आपल्या गाड्यांबरोबर स्वतः चालू लागली. मेळाच्या शिवेवर जकात बसली. शिवाय परक्या गावचे धान्य आत येताना ओतून पुन्हा मोजायचे, असा मेळाचा नियम होता. आता वरचे गाव परके झाले होते.

पाटलाने सुताराकडून साधी लाकडी पायली करून घेतली आणि ती मापाऱ्याला दिली. तिच्यावर कोणाचीही मोहोर नव्हती. प्रत्येक गाडीबरोबर मापारी शिवेपर्यंत जाई. तिथे मेळाचा नाकेदार पोती सोडी, ज्वारी भुईवर ओती, मोजी. मापारी शेजारी उभा राही. आपले माप दुसऱ्याने तपासलेले पाहणे, हे त्याला उपाशी राहण्याहून कठीण वाटे. पण तो मातीत सांडलेले दाणे वेचून पोत्यात टाकी आणि परत फिरे.

वाण्यालाही घरी बसवेना. खालच्या गावांतल्या आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे तो दारोदार गेला. "माझं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती," असे तो गावात दहा वेळा म्हणे. परंतु शिवेपलीकडे कोणी गावाला नावे ठेवली, तर तो तिथून उठून येई.

एके दिवशी शिवेवर खालच्या गावचा एक म्हातारा शेतकरी बियाण्यासाठी ज्वारी न्यायला आला. नाकेदार सवयीप्रमाणे पोते सोडू लागला.

"ओतू नकोस," म्हातारा म्हणाला.

"नियम आहे, आजोबा. परक्याचं माप आहे."

"कुणाच्या हातचं माप आहे हे, ते मला ठाऊक आहे. त्या गावचा कौल ज्यानं मोजला, त्याच्या. शीग बोटभर उतरवली असती तर त्याची भाकरी वाचली असती. त्यानं उतरवली नाही. जो स्वतःच्या विरुद्ध पुरं माप घालतो, तो मला कमी घालेल होय? सोड ते पोतं."

नाकेदार घुटमळला. म्हाताऱ्याने ते पोते न मोजता पाठीवर घेतले आणि चालू लागला.

पुढच्या आठवड्यात आणखी चौघांनी तसेच केले. सुगी संपेपर्यंत शिवेवर वरच्या गावाचे पोते सोडायला कोणी सांगेनासे झाले. मग सभेने ठराव केला: 'वरचे गाव मेळाबाहेरचे आहे. जकात घ्यावी. माप मात्र पुन्हा मोजू नये.' असा मान मेळाबाहेरच्या कोणत्याही गावाला पूर्वी मिळाला नव्हता; तो केवळ मेळातल्या गावांचा असे.

ठराव ऐकून पाटील मापाऱ्याच्या ओसरीवर आला. तो खांबाला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "बुवा, आता तरी कबूल करा. बाहेर पडलो ते बरंच झालं."

"मुळीच नाही," मापारी म्हणाला. "चूकच झाली ती."

"अहो, पण ठराव..."

"ठराव चांगला आहे. बाहेर पडणं चूक होतं."

पाटील मोठ्याने हसला आणि तिथेच ओसरीवर बसला. मापाऱ्याच्या बायकोने दोघांपुढे भाकरी ठेवली. जेवताना ते भांडत होते, आणि जेवण झाल्यावरही भांडत होते. पुढे दोघे म्हातारे झाले तरी तो वाद मिटला नाही. गावानेही तो कधी मिटवला नाही. मात्र त्या दिवशीच्या मोजणीवर दोन्ही बाजूंच्या एकाही माणसाने पुन्हा तोंड उघडले नाही.

तात्पर्य एवढेच, बाळांनो: मत आपल्या बाजूचे असावे, पण माप सर्वांचे असावे. ज्या गावात हरणाराही मोजणीवर विश्वास ठेवतो, ते गाव मेळात राहो वा बाहेर पडो, मानानेच राहते.