धोंडूरावांचा बिल्ला

सटवोजी कासाराने भरदिवसा दुकानात समई पेटवली आणि बाजारभर कुजबुज सुरू झाली. सुवेळ नगरीत दिवाळं काढायची रीतच तशी होती. बैठक उलटी अंथरायची, उन्हात दिवा लावायचा आणि रस्त्याकडे पाठ करून बसायचं. मग कचेरीचे लोक येऊन घरातल्या माणसाजनावरांसकट सगळ्याची यादी करत आणि ती चावडीवर लावत. असेल ते विकून सावकाराला दिलं की राहिलेलं कर्ज पुसलं जाई.

सटवोजीची बांगड्यांनी भरलेली होडी पुरात बुडाली होती. त्र्यंबकशेटचे पाचशे रुपये तिच्याबरोबर तळाला गेले होते. शेट सटवोजीला घेऊन तडक राजा धैर्यसेनापुढे जाऊन रडला. "महाराज, हा ढोंगी आहे! माझे पैसे बुडवायला दिवा लावलाय!"

राजा न्यायी होता, पण हट्टी. त्यातून सकाळपासून त्याचं पोट बिघडलेलं. "वर्षातला हा नववा दिवा!" तो गरजला. "तीन दिवसांत शेटचे पाचशे फेड, सटवोजी! पण दिवा लावलास ना? मग कर्ज काढायचं नाही, काही विकायचं नाही, कुणाचं दान घ्यायचं नाही! नाही जमलं, तर दुकान शेटचं आणि तू जन्मभर शेटच्या घरचा गडी!"

सटवोजीने घरी येऊन राजाचा हुकूम सांगितला. त्याची मुलगी साळू रागाने लाल झाली. बापाने शेटच्या म्हशी धुवायच्या? तिला ती कल्पनाच सहन होईना.

दुसऱ्या दिवशी दारात शेटचा कारकून गुंडोपंत हजर! हातात रेशमी थैली, तोंडावर हसू.

"अभिनंदन, सटवोजीराव! शेटजींनी नगरीतल्या मोजक्या सज्जनांत तुमची निवड केली आहे. हा तांब्याचा बिल्ला घ्या. कुठल्याही पेढीवर दाखवा, पाचशेपर्यंत हवं ते घ्या. पैसे शेटजी भरतील. वर्षभर कुणी तगादा लावणार नाही!"

"अहो, मी दिवाळखोर आहे!" सटवोजी ओरडला. "तो दिवा दिसत नाही का?"

"दिवा बघूनच तर आलो!"

साळू पुढे झाली. "ते कसं काय, पंत?"

गुंडोपंत इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "अगं, एकदा दिवा लावला की बारा वर्षं पुन्हा लावता येत नाही. म्हणजे नवं कर्ज बुडवायची सोयच नाही. असं गिऱ्हाईक शेटजींना फार आवडतं! म्हणून चावडीवरच्या यादीतलं एकेक नाव उतरवून घेतो. बिल्ल्यामागे मला एक आणा मिळतो."

"आम्हाला कर्ज काढायची बंदी आहे. न्या परत."

"बरं, हा तुझा. तोही नको? मग हा तिसरा, श्रीमान धोंडूराव यांचा. ते कोण, काका का तुझे?"

सटवोजीने तोंड उघडलं, पण साळूने त्याचा पाय दाबला. "ते मागच्या अंगणात असतात. सारखे कामात."

"मग या कागदावर त्यांची खूण तेवढी उमटवून आण. माझा आणा पक्का होईल."

साळू शाई घेऊन मागे गेली आणि कागद घेऊन आली. गुंडोपंताने डोळे विस्फारले. "केवढा हा अंगठा!"

"कष्टाळू आहेत फार," साळू म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. साळू आली ती एका गाढवाला ओढत. त्याच्या गळ्यात तांब्याचा बिल्ला लोंबत होता.

"हे काय?" राजा ओरडला.

"हे धोंडूराव, महाराज. बाबांचं कर्ज फेडायला आलेत." तिने बिल्ला काढून त्र्यंबकशेटच्या मांडीवर ठेवला. "कुठल्याही पेढीवर चालतो ना, शेटजी? मग तुमच्याच पेढीवर चालवा. पाचशे जमा करा!"

शेटने बिल्ला उलटसुलट पाहिला. शिक्का त्याचाच होता. गुंडोपंताने पुढे केलेला कागदही त्याचाच, आणि खाली खुराची ठसठशीत खूण. "गाढवाला कोण देतं कर्ज?" तो किंचाळला.

"तुम्ही! 'श्रीमान' लिहून!"

दरबारात खसखस पिकली. राजाने मिशी चावली. "थांब, मुली. गाढवाने पैसे दिले म्हणजे दान झालं. दानाला बंदी होती!"

"दान कसलं, महाराज? नऊ वर्षं त्याने आमचा चारा खाल्ला. त्याचीच ही फेड. आपलं येणं वसूल करायला आपण कुठे बंदी केली होती?"

"त्याने ओझी वाहिली नाहीत का?" शेट मधेच ओरडला.

"वाहिली ना! ती मजुरी वजा करूनच पाचशे धरलेत!"

राजाच्या पोटात आता वेगळंच काहीतरी हलायला लागलं होतं. हसू दाबत त्याने विचारलं, "आणि शेटचे हे नवे पाचशे कोण देणार?"

"धोंडूराव! वर्षभर तगादा नाही, असं शेटजींनीच लिहून दिलंय. वर्षाने त्यांनी खुशाल मागायला यावं. फक्त समोरून यावं. मागून आलेलं धोंडूरावांना खपत नाही!"

आता मात्र राजा खो खो हसला. हसता हसता त्याच्या डोक्यावरचा मंदील मानेवर आला. "शेट, तुझं जुनं येणं फिटलं! नवं धोंडूरावांकडून घे. आणि पुन्हा दिवा लागलेल्या दारात तुझी थैली दिसली, तर तुला त्यांच्या शेजारी बांधीन! सटवोजी, तू मोकळा. पोरी, तू बक्षीस माग."

साळूने बापाकडे पाहिलं. तो डोळे पुसत होता.

"वाड्यातल्या सगळ्या बायकांना बांगड्या आमच्याकडून भरा, महाराज. दर सणाला."

"भरल्या! हिशेब वर्षाअखेरीस करू."

"नाही महाराज," साळू ठामपणे म्हणाली, "रोखीने!"

राजाने पुन्हा गडगडाटी हसत गळ्यातला कंठा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "घे! पहिल्या सणाचे आगाऊ!"