खारट झालेले कुंड

शूर्पारक बंदरात पूर्वी एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या कुळात जन्म घेतला होता. त्याच नगरात सोमिल नावाचा श्रेष्ठी राहत असे. माणूस वाईट नव्हता, पण संशयी इतका, की घरचे ताकही कोणी घुसळले हे विचारून मग फुंकून पीत असे.

सोमिलाचा एकुलता मुलगा मालाने भरलेले तारू घेऊन समुद्रापार दूर देशी गेला. तो निघाला त्या दिवशी कोळ्यांनी प्रवाळाच्या खडकातून बोटभर लांबीचा केशरी मासा जिवंत आणून दिला. तारू परत येईपर्यंत असा मासा घरी जगवायचा, ही त्या बंदराची रीत होती. मासा मेला तर तारू बुडाले असे समजत. अंगणातल्या दगडी कुंडात त्याला सोडले. उन्हाने पाणी जेवढे आटे, तेवढे समुद्राचे पाणी बोधिसत्त्व रोज सकाळी आणून ओती. त्याबद्दल मिळणाऱ्या तांदळावर त्याची चूल पेटत असे.

दोन महिन्यांनी मासा मलूल झाला. सोमिलाच्या मानगुटीवर संशय बसला. तो दाराआडून, डोळ्यांत तेल घालून कुंडावर नजर ठेवू लागला. तिसऱ्या दुपारी घर निजलेले असताना त्याची सून सामा विहिरीच्या पाण्याचा तांब्या पदराआड घेऊन आली आणि तिने तो कुंडात रिता केला.

समुद्राच्या माशाला गोडे पाणी म्हणजे विष. हिला माझा मुलगा परत यायला नको आहे, असेच सोमिलाने धरले आणि पुढे होऊन तिला जाब विचारला.

“मामंजी, मी पाणी चाखून पाहिलं, फारच खारट झालंय,” सामा म्हणाली. “आमटी खारट झाली की आपण पाणीच घालतो ना? सासूबाईंना सांगितलं तर त्या अंगावर आल्या. म्हणून चोरून घालते.”

“समुद्राचं पाणी खारट झालं म्हणणारी तू पहिलीच. उद्या गाडी जुंपतो. माहेरी जा.”

नवऱ्याच्या जिवावर उठलेली, असा बोभाटा पाठीशी घेऊन गेलेल्या सुनेला माहेरचेही दार उघडणार नव्हते. सामाला ते पक्के ठाऊक होते.

सकाळी बोधिसत्त्व घडा घेऊन आला तर अंगणात गाडी उभी होती आणि सामा रडत होती. त्याने काय झाले ते ऐकून घेतले आणि कुंडात बोट बुडवून चाखले. बोललो नाही तर तांदूळ चालू राहतील, हे त्यालाही कळत होते. मग त्याने घडा खाली ठेवला.

“श्रेष्ठी, आधी घड्यातलं चाखा, मग कुंडातलं.”

सोमिलाने आधी त्यालाच चाखायला लावले, मग स्वतः चाखले. कुंडातले पाणी जिभेवर ठरेना. त्याने ते थुंकून टाकले.

“ऊन पाणी नेतं, मीठ मागे ठेवतं,” बोधिसत्त्व म्हणाला. “माझं मिठाचं आगर त्यावरच पिकतं, तरी मला इथं ते सुचलं नाही. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी हवं होतं. माशाला मारत होतो मी. ही त्याला वाचवत होती.”

“तू हिच्या माहेरचा तर नाहीस?”

“असतो तरी पाण्याची चव बदलली नसती. उद्यापासून माझा घडा नको, एवढंच सांगतो.”

सोमिलाला फार लाज वाटली. त्याने गोड्या पाण्याचा तांब्या सुनेपुढे धरला. “ओत, बाई.”

सामाने हात मागे घेतले. “तुम्हीच ओता, मामंजी. उद्या मासा गेला तर पुन्हा माझंच नाव येईल.”

आठ दिवस सोमिलाने स्वतः थोडे थोडे खारे पाणी काढून गोडे ओतले. मासा सावरला. वारे फिरल्यावर तारूही सुखरूप बंदराला लागले. पण सासऱ्याने पुढे केलेली वस्तू सामाने त्या घरात पुन्हा कधी हातात घेतली नाही.

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या एका भिक्षूकडे वळले; त्याने आपल्या सोबत्यावर चोरीचा आळ घेतला होता. “भिक्षू, तेव्हाचा सोमिल तू होतास. ज्याच्यावर तू आळ घेतलास, तो तेव्हा सामा होता. आणि रोज घडा ओतून माशाला मरणाकडे नेणारा मी होतो.” आपली चूक आपल्याच तोंडाने, नुकसान सोसून सांगणे, ही त्या जन्मातली सत्यपारमिता, म्हणजे सत्याच्या आचरणाची पूर्णता.